थ्री फेज आली. पण किती व्होल्टने?

शेतीच्या विजेबद्दल महाराष्ट्रात दोनच प्रश्न विचारले जातात. किती तास मिळते आणि बिल किती येते? पहिल्यासाठी रास्ता रोको होतो, दुसऱ्यासाठी निवडणुकीत आश्वासने दिली जातात. तिसरा प्रश्न मात्र मोर्चातही ऐकू येत नाही आणि तक्रारअर्जातही नीट उतरत नाही. पंपापर्यंत पोहोचणारी ही वीज किती व्होल्टची असते? ऐन हंगामात मोटर जळते, रिवाइंडिंगच्या दुकानात रांग लागते आणि पीक पाण्यावाचून सुकते, तेव्हा कारण अनेकदा या तिसऱ्या प्रश्नातच दडलेले असते.

हा प्रश्न विचारायला वळसंगचा परिसर फार योग्य आहे. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे हे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात येते. याच तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडीच्या शिवारात एनटीपीसीचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. त्यात ६६० मेगावॉटचे दोन संच, म्हणजे एकूण १३२० मेगावॉट. पहिला संच २०१७ साली व्यावसायिक उत्पादनात आला, दुसरा २०१९ साली. त्याआधी, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली. दक्षिणेकडच्या राज्यांचे वीजजाळे तिने उरलेल्या देशाच्या जाळ्याशी जोडले आणि सारा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू लागला. देशाच्या वीजनकाशावर सोलापूरला एवढा मान आहे.

आता त्याच नकाशावरून खाली, एखाद्या बोअरवरच्या पत्र्याच्या पेटीपर्यंत यावे. पेटीत स्टार्टर असतो, तीन फ्यूज असतात आणि बऱ्याच ठिकाणी दोन गोल तबकड्या असतात. एक व्होल्ट दाखवते, दुसरी अँपिअर. शेतकरी त्यांच्याकडे पाहतो तो मोटर चालू करावी की नाही, एवढे ठरवण्यापुरते. काटा फार खाली असला तर ‘आज दाब नाही’ म्हणून परत फिरतो. या दोन काट्यांवरून याहून बरेच काही काढता येते आणि त्यासाठी लागणारे गणित नववीच्या मुलाला येते.

बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धाराविद्युत हा धडा आहे. दहावीत विद्युतधारेचे परिणाम शिकवले जातात. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम मिळतात. तो झाला रोध. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. ती झाली शक्ती. पहिला नियम जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाचा. कोलोनच्या शाळेत शिकवत असताना त्याने तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली पुस्तक काढले. त्याच्याच देशातल्या विद्वानांनी त्याला फारशी किंमत दिली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला तो १८४१ साली. त्याच वर्षी जेम्स जूलचा निबंध प्रसिद्ध झाला. तारेतून वाहणारी धारा दुप्पट झाली तर तारेत निर्माण होणारी उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते, हे त्याने प्रयोगाने दाखवले होते. सोलापुरातल्या जळक्या मोटरींचा खुलासा धारेच्या या वर्गपटीत आहे.

आधी घरातले साधे उदाहरण घेऊ. पाणी तापवायच्या रॉडवर २३० व्होल्ट, १००० वॅट असे छापलेले असते. म्हणजे ती साधारण ४.३५ अँपिअर घेते आणि तिचा रोध ५३ ओहमच्या आसपास असतो. दाब २०० व्होल्टवर आला तर तीच रॉड ३.८ अँपिअर घेईल आणि शक्ती ७५५ वॅटपर्यंत उतरेल. पाणी तापायला सुमारे एक तृतीयांश वेळ जास्त लागेल, पण रॉडला काही होणार नाही. दाब कमी, धारा कमी, उष्णता कमी. सगळे नियमाबरहुकूम.

पंपाची मोटर याच्या उलट वागते. खालची पाण्याची पातळी आणि वरचे तोंड तिथेच असते. पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून मोटर जवळपास तेवढीच शक्ती ओढत राहते. दाब घटला की ती धारा वाढवून भरपाई करते. पाच एचपीची मोटर घेऊ. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती तारेतून सुमारे ४६६० वॅट घेते. थ्री फेजमध्ये व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराला आणखी १.७३ ने आणि पॉवर फॅक्टरने, म्हणजे ओढलेल्या धारेपैकी प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या भागाने, गुणावे लागते. पॉवर फॅक्टर ०.८२ धरला तर ४१५ व्होल्टला ही मोटर ७.९ अँपिअर घेते. दाब ३४० वर आला की तिलाच सुमारे ९.६ अँपिअर लागतात. धारा वाढली पावपटीहून थोडी कमी. पण उष्णता वर्गाने वाढते, म्हणून तांब्याच्या वेढ्यात जवळपास दीडपट उष्णता तयार होऊ लागते. वेढ्यावरचे इन्सुलेशन हे किती तास सोसणार?

म्हणूनच तबकड्या वाचताना एक सावधगिरी हवी. चालत्या मोटरचे व्होल्ट भागिले अँपिअर केले तर येणारा आकडा म्हणजे तिच्या वेढ्याचा रोध नव्हे. बंद मोटरचा वेढा मल्टिमीटरने मोजला तर अवघे काही ओहम निघतात. मोटर फिरू लागली की तिच्या आतच उलट दिशेचा दाब तयार होतो आणि तो धारेला आवर घालतो. सुरुवातीच्या क्षणी मोटर स्थिर असते, आवर घालणारे काहीच नसते, त्यामुळे ती नेहमीच्या पाच-सहापट धारा ओढते. दाब अपुरा असेल तर मोटर वेग घेत नाही, नुसती गुणगुणत राहते आणि ती पाच-सहापट धारा क्षणापुरती न राहता चालूच राहते. वायरमन ‘मोटर गुणगुणली की बटण दाबून बंद कर’ असे सांगतो, ते यासाठीच.

हा दाब हरवतो कुठे? बहुतेक वेळा डीपी, म्हणजे शिवारातले रोहित्र, ते पंप या शेवटच्या टप्प्यात. ३० चौरस मिलिमीटर अॅल्युमिनिअमच्या, वायरमन ज्याला ‘वीझल’ म्हणतात त्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम असतो. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण डीपीपासून एक किलोमीटरवर पाच एचपीचे पाच पंप आहेत असे समजा. प्रत्येक तारेतून ४० अँपिअर जातात. ४० गुणिले ०.९ म्हणजे एका तारेत ३६ व्होल्टची घट. तीन फेजचा, पॉवर फॅक्टरचा आणि तारेच्या इतर गुणधर्मांचा हिशेब धरला तर डीपीवरचे ४१५ व्होल्ट शेवटच्या खांबावर ३५० च्या आसपास येतात. डीपीवरच दाब कमी असेल तर आणखी खाली. तारेत जळणारी शक्ती किती? चाळीसचा वर्ग सोळाशे, गुणिले ०.९, गुणिले तीन तारा. म्हणजे ४३२० वॅट. पाच पंपांच्या या ओळीत जणू सहावा पंप तारेतच चालतो आणि थेंबभरही पाणी उचलत नाही.

हेच पाच पंप ११ हजार व्होल्टच्या तारेवर, पंपाशेजारच्या छोट्या रोहित्रावरून चालले असते तर? तेवढ्याच शक्तीसाठी एका तारेतून दीड अँपिअर जाते. त्याच एक किलोमीटर तारेत तेव्हा साधारण सहा वॅट जळतात. एकीकडे ४३२० वॅट, दुसरीकडे सहा. रायचूरहून सोलापूरला येणारी वाहिनी ७६५ किलोव्होल्टची का, याचे उत्तरही याच गणितात आहे. हजार मेगावॉट शक्ती २२० किलोव्होल्टने न्यायची तर २६०० हून अधिक अँपिअर लागतात, ७६५ किलोव्होल्टने साडेसातशे पुरतात. तार तेवढ्याच रोधाची असली तरी नुकसान बाराव्या भागावर येते. देशाच्या पातळीवर जे शहाणपण अब्जावधी रुपये खर्चून अमलात आणले, तेच शेवटच्या किलोमीटरवर विसरले गेले.

अगदीच विसरले गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ साली महावितरणने उच्चदाब वितरण प्रणाली, म्हणजे एचव्हीडीएस, हाती घेतली. एक-दोन शेतकऱ्यांसाठी १०, १६ किंवा २५ केव्हीएचे स्वतंत्र रोहित्र आणि लघुदाबाची तार जेमतेम खांबा-दोन खांबांची, अशी तिची कल्पना. विज्ञानाच्या दृष्टीने ती अचूक होती. ज्यांना जोडणी मिळाली त्यांचा दाब सुधारला असणार, हे वरचे गणितच सांगते. पण ती योजना प्रामुख्याने नव्या, प्रलंबित जोडण्यांसाठी होती. ६३ आणि १०० केव्हीएच्या डीपीवर आधीपासून जोडलेले, लांबच लांब तारांवरचे जुने पंप त्या तारांवरच राहिले.

पुढे चर्चेचा रोख बदलला. एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज देऊ केली. मोफत वीज चांगली की वाईट, हा इथला विषय नाही. मुद्दा एवढाच की बिल शून्य झाले आणि तिथे आकडा वाचण्याचे उरलेसुरले कारणही संपले. मीटर असलेल्याला वाचायची गरज नाही, मीटर नसलेल्याला तर वाचायला काहीच नाही. २००३ च्या वीज कायद्यातील कलम ५५ प्रमाणे दोन वर्षांच्या मुदतीनंतर मीटरशिवाय वीजपुरवठा करता येत नाही. ती मुदत २००५ साली संपली. तरी राज्यातल्या लाखो कृषिपंपांचा हिशेब अजून एचपीवर मांडला जातो.

एचपी हा यंत्राच्या पाटीवरचा आकडा आहे. प्रत्यक्षात मोटर किती शक्ती घेते हे व्होल्ट, अँपिअर आणि पॉवर फॅक्टरच सांगतात. किती युनिट वापरले हे त्याला तासांनी गुणल्यावर कळते. पाच एचपीची पाटी असलेली मोटर कमी दाबाने पाणी न देता गुणगुणली, जळाली आणि आठवडाभर दुकानात पडून राहिली, तरी एचपीच्या हिशेबात ती चालूच असते. शेतीच्या वापराचा आकडा फुगवून त्याखाली गळती आणि चोरी लपवली जाते, असे महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. आता बिलाची रक्कम शेतकऱ्याऐवजी सरकारी तिजोरीतून जाते, म्हणजे त्या आकड्याच्या खरेपणाशी प्रत्येक करदात्याचा संबंध येतो.

महावितरणची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खरी आहे. दाब पडण्यात ग्राहकांचा वाटा थोडा नाही. आकडा टाकून चालवलेला पंप डीपीच्या हिशेबात नसतो, पण तारेतून अँपिअर ओढतोच. तीन एचपीचा मंजूर भार आणि प्रत्यक्षात साडेसातची मोटर, हेही सर्रास दिसते. त्यात ऑटो स्विच. ६३ केव्हीएच्या डीपीची क्षमता साधारण ८८ अँपिअर, म्हणजे पाच एचपीचे अकरा पंप. सगळ्यांना ऑटो असेल तर लाइट येताच अकराही मोटरी एकदम सुरू होतात आणि सहापट धारेने पाचशे अँपिअरहून जास्त मागणी क्षणात अंगावर येते. डीपी जळाला नाही तरच नवल. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण दर रब्बी हंगामात करते आणि ते योग्यच आहे. पॉवर फॅक्टर ०.८२ वरून ०.९५ वर नेणारा कपॅसिटर पाच एचपीच्या मोटरसाठी तारेतून येणारी धारा ७.९ वरून ६.८ अँपिअरवर आणतो. तारेतले नुकसान त्याने पाव भागाने घटते.

बोअरच्या बाबतीत आणखी एक हिशेब शेतकऱ्याच्या स्वतःच्या हद्दीतला आहे. पाणी खोल गेले तशा सबमर्सिबल मोटरी खोल गेल्या आणि केबल लांबली. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला सात ओहमहून थोडा जास्त असतो. २०० मीटर केबल आणि आठ अँपिअर धारा असेल तर पंधरा-सतरा व्होल्ट पेटी ते मोटर एवढ्या अंतरातच जातात. पेटीतली तबकडी ३६० दाखवत असेल तर खाली मोटरला ३४५ च मिळत असतात. दुकानदाराने स्वस्तातली बारीक केबल गळ्यात मारली असेल तर त्याहूनही कमी. याचा दोष कोणत्याही सरकारी कंपनीवर टाकता येणार नाही.

पण महावितरणच्या आवाहनाला आकड्याची जोड नसेल तर ते पाटीवरच राहते. कपॅसिटर बसवल्याने माझे काय भले होणार, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच्याच पेटीतल्या काट्यावर दाखवता येते: कपॅसिटर बसवण्याआधी डीपीच्या बाजूची धारा किती, नंतर किती, ऑटो असताना लाइट आल्यावर दाब किती पडला, काढल्यावर किती. ज्याने काटा खाली-वर होताना पाहिला, त्याला पत्रकाची गरज उरत नाही.

सौरऊर्जा आली की हे सारे आपोआप मिटेल, असा एक समज आता पसरतो आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकरी किमतीचा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी पाच टक्के हिस्सा भरतो. पंप स्वतःच्या पॅनेलवर चालतो, तेव्हा लांब तारेचा प्रश्नच उरत नाही. त्याला उन्हाची मर्यादा आहे, पण लघुदाबाच्या ताणातून सुटका नक्की होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे मात्र तसे नाही. तिथे उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पातून सारा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वाहिनी, दिवसा चालतो. शेतकऱ्याची रात्रपाळी टळते. साप-विंचवाच्या अंधारात बांधावर उभे राहणे टळते. हा लाभ फार मोठा आहे. पण उपकेंद्रापासून डीपी आणि डीपीपासून पंप ही वाट तीच, तार तीच, रोधही तोच. उलट सगळे पंप दिवसाच्या त्याच आठ तासांत एकवटले तर शेवटच्या खांबावरचा ताण वाढेल. वीज दिवसा आल्याने ४० अँपिअरचे ३० होत नाहीत.

लघुदाब ग्राहकाला ठरलेल्या दाबापेक्षा सहा टक्क्यांहून कमी-जास्त पुरवठा होऊ नये, असा दंडक आहे. ४१५ चे सहा टक्के म्हणजे साधारण २५. तेव्हा ३९० च्या खाली काटा जाणे हा नियमभंग ठरतो. सेवेची मानके मोडली तर ग्राहकाला भरपाई मिळावी, अशी तरतूद त्याच २००३ च्या कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. पण भरपाई मागायला पुरावा लागतो. ‘दाब कमी होता’ हे वाक्य पुरावा होत नाही. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक खांबावर ३४५ व्होल्ट, हा पुरावा होतो आणि तो नोंदवून ठेवण्याची व्यवस्था आज बहुतेक शेतांच्या बांधावर नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शेती फीडरच्या पुरवठ्याचे तास जसे जाहीर होतात, तसा त्याच्या शेवटच्या टोकाचा दाबही जाहीर व्हावा. दाब आणि धारा नोंदवणारे मीटर ही आता प्रयोगशाळेतली चैन राहिलेली नाही. घरोघरी बसणारे नवे मीटर ते काम करतात. प्रत्येक पंपावर असा मीटर लगेच नको. डीपीवर एक आणि त्याच डीपीच्या शेवटच्या खांबावर एक, एवढे पुरते. दोन्हींतल्या दाबाच्या फरकाला धारेने भागले की तारेची अवस्था कळते. जोड सैल झाला, तार गंजली, की हा भागाकार महिन्यागणिक वाढत जातो आणि डीपी जळायच्या आधी लाइनमनला पत्ता लागतो. मधल्या अधिकृत पंपांचा आणि तारेतल्या नुकसानीचा हिशेब धरूनही दोन टोकांच्या युनिटांचा मेळ बसला नाही तर मधे चोरीचा आकडा आहे, हेही त्याच नोंदीतून उघड होते. अशा मीटरला महावितरणने घाबरायचे कारण नाही. प्रामाणिक शेतकऱ्याने तर नाहीच.

यात शाळेलाही जागा आहे. नववी-दहावीची मुले टॉर्चचा सेल आणि नायक्रोमची तार घेऊन ओहमचा नियम ताडून पाहतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी बोअरवर पेटी असते. पेटी उघडायची नाही, तारेला हात लावायचा नाही, हे ठणकावून सांगून बाहेरून दिसणारे दोन काटे आठवडाभर वहीत उतरवायला लावले, तर त्या वहीतून गुणाकार, भागाकार, वर्ग आणि आलेख एकदम शिकवता येतात. आयटीआयच्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियन शाखांना उन्हाळ्यात असेच काम देता येईल. त्यांच्याकडे क्लॅम्प मीटर असतो आणि तो वापरण्याचे शिक्षणही.

सुरुवात एका फीडरपासून करता येईल. महावितरणच्या सोलापूर मंडळाने वळसंग परिसरातला एखादा शेती फीडर निवडावा. रब्बीच्या सिंचनाच्या तीन महिन्यांत त्यावरच्या प्रत्येक डीपीचा आणि शेवटच्या खांबाचा दाब दर तासाला नोंदवावा. त्या काळात किती रोहित्रे जळाली हे कंपनीने लिहावे आणि किती मोटरी रिवाइंडिंगला गेल्या हे ग्रामपंचायतीने विचारून लिहावे. दोन्ही तक्ते ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि कंपनीच्या संकेतस्थळावर एकाच दिवशी लावावेत. एवढे हाती आले की कोणत्या डीपीचा भार तोडायचा, कोणत्या टप्प्यावर ११ केव्हीची तार पुढे न्यायची, कुठे कपॅसिटर कमी आहेत आणि कुठले आकडे काढायचे, हे ठरवायला आणखी एक समिती नेमावी लागणार नाही. पुढच्या वर्षीच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत निधी मागताना पालकमंत्र्यांपुढे निवेदनाऐवजी तोच तक्ता ठेवता येईल.